वरातीच्या घोडीपाशी

बाबू, यंदाच्या लगीनसराईत अल्लीपुरातल्या वराती तू एकटा सांभाळणार, म्हणून सांगून ठेवतो.

आधी बैलाची सवय सोड. बैलाजवळ शिंगं आहेत, घोडीजवळ फक्त पळणं. त्यामुळं धोका दिसेस्तोवर ती थांबत नाही. शेजारच्या माणसाच्या अंगावरूनच ओळखते.

तिला जवळजवळ चौफेर दिसतं, पण शेपटीमागचं आणि कपाळापुढचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याकडून, तोंडानं काहीबाही बोलत जा. समोरून कपाळावर हात टाकणारे पोट्टे आवर. लाड करायचेच तर आयाळ संपते तिथं, मानेच्या बुडाशी खाजव. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात, आणि त्यानं छातीचे ठोके उतरतात हे मोजलेलं आहे. धपाधप थापा मारणं आपल्याला आवडतं, तिला नाही.

घरून भांडून आला असशील तर लगेच मोहोरकीला हात घालू नको. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठानं 28 घोड्यांना अनोळखी माणसाचे नुसते फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसला की ठोके जास्त लवकर वाढायचे, आणि तो चेहरा ते डाव्या डोळ्यानं न्याहाळायचे. हे 2016 सालचं. आपल्याकडच्या जुन्या घोडेवाल्यांना फोटोची गरज पडली नाही.

पण खरी गोम वरातीतच आहे. स्वीडनमध्ये माणसांना घोडा धरून चालायला लावलं आणि सांगितलं, पुढच्या फेरीला तुमच्यासमोर फाडकन छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाचेही ठोके वाढले, घोड्याचेही! आपल्याकडे छत्रीच्या जागी फटाक्यांची लड असते. कुणी ती रस्त्यावर पसरताना दिसला की तू श्वास रोखतोस, लगाम आखूड धरतोस. घोडीला तेवढं पुरतं. अशा वेळी हात सैल ठेव, श्वास लांब सोड, धुमाल वाजवणाऱ्यांपासून अंतर वाढव. तिचे कान पाहत राहा. एक कान तुझ्याकडं वळलेला असला तर ती अजून तुझं ऐकते आहे. दोन्ही मागं चपटे झाले की पोरंसोरं बाजूला घे.

आणि नवरदेव! तो बहुधा पहिल्यांदाच बसलेला, घाबरून पाय आवळतो. शिकवलेल्या घोडीला तो 'चल' असा इशारा. वर चढवायच्या आधीच त्याला सांग, पाय ढिले सोड, टाचा लावू नको. ऐकत नसेल तर त्याच्या मामाला सांग.