पेनाच्या कांडीला रंग कोणता घालावा?



आता तुमच्या हातात पेन आले आहे. अंगठा गेला, सही आली. आज आपण या पेनाच्या अंगाचा विचार करू. आतल्या शाईचा नव्हे, बाहेरच्या रंगीत कांडीचा.

ही कांडी घरीही ओतता येते. बाजारात रेझीन नावाचा पातळ, चिकट पदार्थ मिळतो. त्याच्या जोडीला दुसऱ्या बाटलीत हार्डनर असतो. दोन्ही पदार्थ बाटलीवर लिहिलेल्या मापाने मिसळायचे आणि साच्यात ओतायचे. मिश्रण आपोआप तापते आणि हळूहळू टणक होते. मग कांडीला आरपार भोक पाडतात. त्यात पितळेची नळी बसवतात. लेथवर फिरवून पेनाचा आकार देतात.

जोडधंदा म्हणून हे काम चांगले आहे. पण रंग चुकला की कांडी वाया जाते, पैसाही वाया जातो. कधी कधी तर जिवावर बेतते. म्हणून रंग निवडण्याच्या तीन कसोट्या आम्ही सांगतो.

१. रंगात पाणी आहे का?

रेझीन ही नवी वस्तू आहे. पण तिची जुनी बहीण आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे लाख. मालेगावाहून मेडशीकडे जाताना फाल्गुनात पळस फुललेला दिसतो ना? पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांच्या अंगातून निघालेला रस फांदीवर वाळतो. तीच लाख. बांगड्या करणारा कारागीर लाख तापवतो आणि तिच्यात रंगाची भुकटी मळतो. पाण्यात कालवलेला रंग तो घालत नाही.

रेझीनचेही तसेच आहे. त्यात पाणी गेले तर कांडी ढगाळ होते, नाहीतर चिकट राहते. म्हणून पोरांच्या शाळेतले पाण्याचे रंग वापरू नयेत. कोरडी भुकटी घ्यावी. ती दमट वाटली तर आधी वाळवावी.

रंग बेतानेच घालावा. 100 ग्रॅम मिश्रणाला 2 ते 3 ग्रॅम भुकटी पुष्कळ झाली. भाजीत मीठ जास्त झाले तर भाजी बिघडते. रेझीनमध्ये रंग जास्त झाला तर कांडी कच्ची राहते.

२. रंग उन्हात टिकतो का?

हळदीचा रंग सुरेख असतो, पण तो उन्हाने उडतो. पळसफुलांचा रंगही टिकाऊ नाही. पेन तर रोज खिशात, रोज उजेडात. चार महिन्यांत ते फिके पडले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल का?

माती आणि धातूचे रंग टिकतात. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज मिसळलेली माती. अजिंठ्याच्या लेण्यांत गेरू आणि काजळी यांनी काढलेली चित्रे दीड हजार वर्षांनंतरही दिसतात. लेण्यात थेट ऊन येत नाही, हे खरे. पण गेरू घराच्या भिंतीवर उन्हातही टिकतो, हे आपण पाहतोच.

चमक हवी असेल तर अभ्रकाची रंगीत भुकटी घ्यावी. मात्र ती तळाशी बसते. म्हणून मिश्रण मधासारखे दाट झाल्यावरच साच्यात ओतावे.

आरपार दिसणारा रंग घेतला तर आतली पितळी नळी दिसते. तेव्हा नळीला आधी त्याच रंगाचा हात द्यावा.

३. रंग विषारी तर नाही?

एक बाई विचारतात, “गुर्जी, घरी शेंदूर हाये. थोच टाकला तं चालीन का?”

नाही बाई, चालणार नाही. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासून करतात. हिंगूळ पाऱ्यापासून होतो. काही भडक पिवळ्या रंगांतही शिसे असते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लबाड लोक तिला लावतात तोच हा रंग.

“पण कांडी तं टणक झाली. मंग इख बाहेर कसं येईन?”

प्रश्न बरोबर आहे. कांडी लेथवर फिरते तेव्हा तिचा भुसा उडतो. तो नाकात जातो, हातावर बसतो, पोरांच्या तोंडात जातो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि तो अपाय भरून निघत नाही. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्या देशात घरगुती रंगांवर बंधन आहे. दहा लाख भागांत शिशाचे 90 भागांपेक्षा जास्त प्रमाण चालत नाही. पण पुडीतल्या सुट्या भुकटीवर काहीच लिहिलेले नसते. म्हणून डब्यावरचे नाव वाचून, शिसे नसल्याची खात्री करूनच रंग घ्यावा. वाचता येते त्याचा हाच उपयोग.

काम करताना हातमोजे घालावेत. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ओले रेझीन अंगाला लागले तर खाज सुटते. कांडी घासताना नाकातोंडावर मास्क बांधावा. या कामाची भांडी स्वयंपाकात नेऊ नयेत. मुलांना जवळ बसवू नये.

करून पाहा

नवा रंग आणला की एकदम दहा कांड्या ओतू नका. आधी दोनच लहान तुकडे ओता. एक उन्हात ठेवा, दुसरा पेटीत ठेवा. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहा. उन्हातला तुकडा फिका पडला असेल तर तो रंग सोडून द्या. चमचाभर रेझीन गेले, पण दहा कांड्या वाचल्या.

प्रश्न

१. लाखेत आणि रेझीनमध्ये कोरडाच रंग का घालतात?
२. हळदीचा रंग पेनाला का चालत नाही?
३. शेंदूर घातलेली कांडी टणक झाली तरी तिची भीती का?
४. तुमच्या घरातल्या एका रंगाच्या डब्यावर काय लिहिले आहे, ते वाचा आणि वहीत उतरून घ्या.