तेरड्याचे बोंड का फुटते?

होटगीहून रोज आगगाडीने सोलापूरला येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने गेल्या भाद्रपदात तेरड्याची कुंडी प्रयोगशाळेत आणून ठेवली. पिकलेल्या बोंडाला बोट लावताच ते फटकन फुटते व बिया दूर उडतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. ‘वाळल्यामुळे ताण पडतो, एरंडासारखा,’ असे मी वर्गात ठामपणे सांगून टाकले. दुपारी उन्हाने रोप मरगळले. आता बोंडे दाबली तर नुसतीच उकलत; बिया जागच्या जागी! मुलीने कुंडीत तांब्याभर पाणी ओतले. रोप ताठ झाले आणि बोंडे पुन्हा उडू लागली. म्हणजे माझे उत्तर नेमके उलटे होते.

बोंडाची पाच शकले शिवणींनी जोडलेली असतात. त्यांच्या बाहेरच्या थरातील पेशी परासरणाने पाणी घेऊन टम्म फुगतात व लांब होऊ पाहतात. आतला थर तसा ताणत नाही. दोन धातूंची जोडपट्टी तापवली की ती वाकते, हे तुम्ही शिकला आहात. तेच येथे घडते, फक्त उष्णतेऐवजी पाणी. पण शिवणी शकलांना वळू देत नाहीत, आणि ऊर्जा साठत जाते. पिकल्यावर शिवणी कमकुवत होतात. मग जरासा धक्का लागला की शकले घड्याळाच्या कमानीसारखी आत गुंडाळतात व बिया भिरकावतात. उत्तर अमेरिकेतील ओलसर रानात तेरड्याचा एक भाऊबंद वाढतो. त्याचे बोंड फुटण्यास अवघे काही मिलिसेकंद लागतात. चित्रपटाची एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते!

आपला तेरडाही मूळचा ओलाव्याचा सोबती. सह्याद्रीत रानाच्या कडेला तो पावसाळ्यात उगवतो आणि पाऊस सरल्यावर मरतो. कंद नाही, खोड टिकत नाही. पुढच्या वर्षाची सारी भिस्त बियांवर. होटगीकडच्या कोरड्या मुलखात त्याला परसात पाणी घालूनच जगवावे लागते.

बियांचा वेग मोजायचा आहे? बोंड जमिनीवर ठेवून फोडा व सर्वांत दूरच्या बीचे अंतर मोजा. त्याला ९.८ ने गुणून वर्गमूळ काढा. अंतर १ मीटर असेल तर वेग सेकंदाला निदान ३.१ मीटर, हवेचा विरोध धरला तर त्याहून जास्तच. नंतर गुंडाळलेले शकल मिठाच्या दाट पाण्यात टाका, आणि त्याचे वेटोळे सैल पडते का ते पाहा.