झाड लावणे आणि झाड जाणणे



पावसाळा आला की जुमाच्या बयानात आम्ही इमाम मंडळी एक हदीस आवर्जून सांगतो. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने अथवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याच्या वतीने सदका ठरतो, असा तिचा आशय आहे. हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती ऐकून लोक उत्साहाने रोपे लावतात. मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतील किती जगली, हे आम्ही क्वचितच विचारतो. नीयतीचा मोबदला अल्लाहकडे वाया जात नाही, हे खरेच. परंतु पक्ष्याच्या चोचीत फळ पडायचे असेल, तर झाड जगले पाहिजे. आणि ते जगवण्यासाठी झाडाचे ज्ञान हवे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी इमामत करतो त्या कोकणातील मशिदीच्या अंगणात एक जुने जांभूळ आहे. ते लावणारे बुजुर्ग मशिदीमागच्या कब्रस्तानात विसावले आहेत. वुजू करून येणाऱ्यांचे पाय चिखलाने भरतात, म्हणून जमातीच्या बैठकीत अंगणाला फरशी घालण्याचे ठरले. मीही होकार दिला. काँक्रीट थेट बुंध्याला भिडले. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या. कोणी वाळवी म्हणाले, कोणी झाडाचे वय झाले म्हणाले. ईदच्या सुटीत दापोलीहून आलेला, वनशास्त्र शिकणारा गावातील एक मुलगा मात्र म्हणाला, “मौलाना, मुळांनाही हवा लागते. तुम्ही त्यांच्यावर झाकण घातले आहे.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एका मरहूम बुजुर्गांचा सदका-ए-जारिया आम्ही आमच्याच हातांनी फरशीखाली बंद करत होतो, आणि तोही मशिदीच्या अंगणात!

या प्रसंगी मला सहीह मुस्लिममधील एक घटना आठवली. मदिनेतील लोक खजुरीच्या नर झाडाचा फुलोरा मादी झाडाच्या फुलोऱ्यात ठेवून परागीकरण करत. खजुरीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, म्हणून भरघोस पिकासाठी हे करावे लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याविषयी केवळ आपला अंदाज बोलून दाखवला, तेव्हा लोकांनी ते काम सोडून दिले आणि त्या वर्षी पीक घटले. प्रेषितांना (स.) हे कळले, तेव्हा तुमच्या सांसारिक व्यवहारातील गोष्टी तुम्ही अधिक जाणता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ज्यांच्यावर वह्य अवतरत होती, त्यांनीच झाडाच्या बाबतीत अनुभवी माणसाचे ज्ञान मान्य केले. मग माझ्यासारख्या इमामाने जाणकाराला न विचारता मत द्यावे, हे कितपत योग्य होते?

आज असा जाणकार शोधायला फार दूर जावे लागत नाही. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथे वनशास्त्राचे महाविद्यालयही आहे. शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीने ‘विस्तार शिक्षण’ हे कृषी विद्यापीठांचे तिसरे कर्तव्य मानले जाते. संशोधनातून जे कळले ते प्रात्यक्षिके, शेतकरी मेळावे, प्रशिक्षण आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्या द्वारे लोकांच्या बांधापर्यंत नेणे, हा त्याचा अर्थ. ज्ञान दडवू नये, ते इतरांपर्यंत पोहोचवावे, ही तर आपल्या दीनचीही शिकवण आहे. ते पोहोचवणारे तयार असताना आपण विचारायलाच गेलो नाही, तर दोष आपला.

झाडाविषयीच्या पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट लावण्याची. जांभ्या दगडाच्या कठीण जमिनीत पावसाआधीच खड्डा खणून त्यात चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरावे. रोपाची प्लास्टिक पिशवी पूर्ण काढावी. आत गोल गुंडाळलेली मुळे हलकेच मोकळी करावीत. पिशवीत रोप जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे. कलमाचा जोड मातीखाली जाऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट जगवण्याची. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतेच. आळ्यात पालापाचोळा पसरला की ओल टिकते. मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण जाणतो. वापरलेले पाणीही गटारात सोडण्याऐवजी पन्हळ काढून झाडांकडे वळवता येते.

तिसरी गोष्ट न दुखावण्याची. सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत जाते. म्हणून जलशाच्या फलकासाठी ठोकलेला खिळा झाडाला जखम करतो, आणि भोंग्यासाठी आवळलेली तार खोड वाढेल तशी रुतून हा मार्गच तोडते. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. म्हणून बुंध्याभोवती माती उघडी हवी, जितकी अधिक तितके उत्तम. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

आम्ही जमातीपुढे चूक कबूल केली आणि जांभळाभोवतीची फरशी सहा फुटांपर्यंत हाताने, मुळे सांभाळून फोडली. यंदा खालच्या फांद्यांना पालवी आली. शेंड्याच्या दोन फांद्या मात्र परत आल्या नाहीत. त्यांच्या वाळक्या खुणा मला रोज फज्रच्या वेळी दिसतात.

वाचकहो, झाड ही अल्लाहची अमानत आहे. ती हाती घेण्याआधी जाणकाराला विचारा, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी लावलेल्या झाडाकडे आजच एकदा नजर टाका. कदाचित त्यांचा सदका तुमच्याच फरशीखाली अडकला असेल.

अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि त्यानुसार आचरण करण्याची तौफीक देवो. आमीन.