कुलूप आणि शेजार

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी हे तालुक्याचे गाव लागते. दसरा झाला, आपट्याची पाने वाटून झाली, की या गावाच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर आणि तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. भांडी पोत्यांत भरली जातात, शेळ्या कोणाच्या तरी स्वाधीन केल्या जातात आणि सारा संसार वाहनावर चढतो. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी अशी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ती परतावयाची उसाचा हंगाम संपल्यावर, काही महिन्यांनी. तोवर घराच्या राखणीस काय असते? दाराला एक कुलूप, आणि मागे राहिलीच तर ओट्यावर बसणारी एखादी म्हातारी आजी.

मुलांनो, असे कुलूप तुम्ही पाहिले असेल. कदाचित ते तुमच्याच घराचे असेल. ते पाहून गावातील माणूस मनाशी म्हणतो, "ही मंडळी गेली, आता पाडव्याच्या आत काही यावयाची नाहीत." चोरही ते पाहून नेमके हेच म्हणतो. कुलूप चोरास अडविते हे खरे. परंतु घरात कोणी नाही, ही बातमीही त्यास तेच देते. धूळ साचलेला उंबरठा, वाळून गेलेली तुळस, दारात साठलेला पालापाचोळा या गोष्टी त्या बातमीस दुजोरा देतात. हल्ली तर काही लोक गावास जाताना वाटेतली आपली छायाचित्रे मोबाइलवरून साऱ्या जगास दाखवितात. घर मोकळे असल्याची दवंडी पिटण्यासाठी याहून निराळा उपाय शोधावयास नको!

'घरफोडी' हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. हा शब्द कसा आला असेल, याचा कधी विचार केला आहे काय? मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची असत. भिंती मातीच्या आणि चांगल्या हातभर, दोन हात रुंद. दार जाड लाकडाचे. त्यास आतून आडवा अडसर. असे दार फोडणे कठीण व आवाज फार. म्हणून चोर दाराच्या वाटेस जातच नसे. रात्री तो मागच्या बाजूने भिंतीची माती हळूहळू कोरी आणि आत शिरण्यापुरते भोक पाडी. घर खरोखरच फोडले जाई. ही युक्ती फार प्राचीन आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, आणि भोक कमळाच्या आकाराचे पाडावे की चंद्रकोरीच्या, याचाही विचार करीत बसतो! शेवटी तो पूर्णकुंभाचा आकार पसंत करितो. हा प्रसंग वाचताना हसू येते. परंतु पुढे काय होते ते पाहा. शर्विलकाने नेलेले दागिने चारुदत्ताचे नव्हतेच; ते वसंतसेनेने विश्वासाने त्याच्याकडे ठेविले होते. दागिने गेले याहूनही, "आपल्यासारख्या दरिद्री माणसाचे म्हणणे आता कोण खरे मानील?" या चिंतेने चारुदत्त व्याकूळ होतो. त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते, ती त्याच्या नावास बट्टा लागू नये म्हणून. चोरीने वस्तू जाते ती जातेच. कधी कधी माणसांचा एकमेकांवरील विश्वासही तिच्याबरोबर जातो.

आता जुन्या गावाकडे वळू. गावास वेस असे. दिवस मावळला की वेशीचे दार लागे आणि वेसकर तेथे बसे. काही ठिकाणी जागल्या असे. रात्र जागून काढणारा तो जागल्या. गावात कोण आले, कोण गेले, हे त्यास ठाऊक असावयाचे. चोरी झालीच तर दुसरे काम सुरू होई, ते म्हणजे माग काढण्याचे. पहाटेच्या धुळीत व ओल्या मातीत उमटलेल्या पावलांवरून जाणता माणूस चोराच्या मागे निघे. माग आपल्या शिवेबाहेर शेजारच्या गावात शिरला, की तो त्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन करावयाचा. मग पुढचा शोध त्या गावाने घ्यावयाचा. ज्या गावाच्या शिवेत माग हरवला, त्या गावावर नुकसानीची जबाबदारी येई. १८१८ साली पेशवाई संपल्यावर दख्खनचा कारभार हाती घेणाऱ्या एल्फिन्स्टनने गावाच्या राखणीची आपल्याकडील ही जुनी रीत लिहून ठेविली आहे. एका घरची चोरी ही साऱ्या गावाची गोष्ट मानण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. मात्र तिच्यातील एक दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. राखणीचा हा भार जन्मावरून ठराविक लोकांवरच टाकलेला असे. आणि जो रात्रभर जागून साऱ्यांची घरे राखी, त्यास दिवसा त्याच घरांच्या उंबरठ्याशी उभे राहू देत नसत.

आज वेशी पडल्या आहेत आणि गावात येणाऱ्या वाटाही अनेक झाल्या आहेत. राखणीचे काम आता कायद्याने चालते. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार गावोगाव पोलीस पाटील नेमलेला असतो. हे पद वडिलांकडून मुलाकडे आपोआप जात नाही. आपल्या राज्याच्या पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलाचीही तरतूद आहे. गावातील प्रौढ माणसे पोलिसांच्या मार्गदर्शनाखाली पाळीपाळीने रात्री गस्त घालू शकतात. मागही आहेच, फक्त पावलांचा माग जाऊन बोटांचा माग आला. कोणत्याही दोन माणसांच्या बोटांवरील रेषा तंतोतंत सारख्या नसतात. या ठशांची पद्धतशीर नोंद ठेवणारी जगातील एक आद्य कचेरी १८९७ साली आपल्याच देशात, कोलकात्यात उघडली. आणि ठशांची वर्गवारी करण्याची रीत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. म्हणूनच घरफोडी झालेली दिसली तर आत धावत जाऊन कपाट, पेटी, कडी यांस हात लावू नये. गर्दीने घरभर फिरून हळहळ व्यक्त केली, तर चोराचे ठसे शेजाऱ्यांच्या ठशांखाली पुसून जातात.

वाहनांविषयी लिहिताना मला माझीच एक फजिती आठवते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी सायकलवरून शाळेत जात असे. एके दिवशी टपाल टाकण्यासाठी उतरलो. क्षणभराचे काम, म्हणून कुलूप लाविले नाही. परत येतो तो सायकल नाही! ठाण्यावर गेलो. तेथील हवालदारांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, सायकलचा नंबर काय?" मी गप्प. सायकलच्या सांगाड्यावर क्रमांक ठोकलेला असतो, हेच मला त्या दिवशी कळले. रंग काळा, घंटी मोठी, मागे कॅरिअर, एवढेच मला सांगता आले. आणि तशा सायकली तर गावात पन्नास होत्या. पुढे काही दिवसांनी ठाण्यावर सापडलेल्या चार सायकली उभ्या होत्या. त्यांतील एक माझी असावी असे वाटले; परंतु 'असावी' या शब्दावर कोणी सायकल देत नाही, आणि देऊही नये. मी रिकाम्या हाती परतलो. तेव्हापासून वर्गात नवी सायकल घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी तिचा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेत असे. मोटारसायकलीस इंजिन व सांगाडा यांचे वेगवेगळे क्रमांक असतात. तेही घरच्या वहीत असावेत. मोटारसायकलची किल्ली तिलाच लटकत ठेवून "आत्ता येतो" म्हणून दुकानात शिरणारे लोक मी आजही बाजारात पाहतो आणि मला माझे टपाल आठवते. शेतकऱ्याने उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी, विहिरीवरील मोटारीची तार, स्टार्टर यांचीही काळजी घ्यावयास हवी. शेतात रात्री राखण नसते, आणि तार एकदा कापून नेली की ती आपलीच आहे हे ओळखणे अवघड होते.

कायदा चोरीस हलके मानीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे राहत्या घरातून अथवा वाहनातून माल चोरल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या कायद्यातील एक गोष्ट ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांनी तर अवश्य लक्षात ठेवावी. कोल्हापूर किंवा सांगलीच्या बाजूस फडात काम करीत असताना वडवणीकडील घर फोडल्याचा निरोप आला, तर हातचे काम टाकून आधी इकडे धावावे लागत नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात खबर नोंदविता येते, आणि त्या नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. चोरी चालू असल्याचा संशय आला, तर ११२ हा क्रमांक फिरवावा. मुलांनी चोरामागे धावू नये. काय पाहिले, किती वाजता पाहिले, वाहन कोणत्या दिशेस गेले, हे नीट लक्षात ठेवून सांगणे हेच त्यांचे काम. आणि ते मोठ्या माणसांपेक्षा मुले पुष्कळदा अधिक चांगले करितात.

येथवर चोराविषयी सांगितले. आता चोर नसलेल्या माणसाविषयी सांगावयाचे आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्या जमातीत मूल जन्मले की ते चोरच, असा त्याचा अर्थ! सोलापुरात अशा लोकांची वसाहत तारेच्या कुंपणात होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. तो कागदावरून गेला, परंतु मनातून पुरता गेला काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी भटक्या समाजातील पाच माणसे आली होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्या पाच निरपराध माणसांस पकडले आणि ठार मारले. त्यांपैकी एकाही माणसाने कोणाची काडीही चोरली नव्हती. ज्या गावाने राखण करावयाची, त्याच गावाच्या हातून असे घडले. रात्री गस्त घालणाऱ्यांनी अनोळखी माणूस दिसला तर त्यास थांबवून नाव-गाव विचारावे, संशय वाटल्यास पोलिसांस कळवावे. त्यापुढे एक बोटही उचलण्याचा अधिकार गस्तवाल्यांस नाही, मग तो माणूस खरोखर चोर का असेना.

वडवणीकडील कुटुंबे हंगामास निघतात तेव्हा शहाणी माणसे काय करितात, ते मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतले उरलेले पैसे ती चुलीखाली पुरून ठेवीत नाहीत, बँकेत ठेवितात. किल्ली दारावरच्या फळीवर किंवा देवळीत ठेवीत नाहीत. चोर प्रथम हात घालतो तो तेथेच. ती शेजारच्या घरी देतात, आणि त्याबरोबर दोनचार कामेही देतात. आठवड्यातून एकदा दार उघडून झाडून काढावयाचे, संध्याकाळी कधी दिवा लावावयाचा, तुळशीस पाणी घालावयाचे. मागे राहिलेल्या म्हातारीकडे रोज एक फेरी मारावयाची. हे काम बहुतेक घरांत एखाद्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे येते. जाता-येता ती मुले त्या घराकडे पाहतात, म्हातारीशी चार शब्द बोलतात, आणि अनोळखी मोटारसायकल दोनदा त्याच बोळात फिरली तर घरी येऊन सांगतात.

उन्हाळा तापू लागला की रस्त्यावर परतणाऱ्या गाड्या दिसू लागतात. ट्रॉलीतून उतरलेली बाई प्रथम आपल्या दाराकडे पाहते, नंतर शेजारच्या दाराकडे. शेजारचे पोर किल्ली घेऊन धावत येते. कुलूप उघडते. आत अंधार असतो, चूल थंड असते, पण भांडी मांडल्या जागी असतात आणि अंगणातील तुळशीस नवी पाने फुटलेली असतात. बाई किल्ली हातात घेते आणि त्या पोरास विचारते, "जेवलास का रे?"