फळ काढायला जाण्याआधी



मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न असतो, यंदा कुठे जायचे? गिरणगावातल्या पुष्कळ घरांत पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात गावी जायचे, आंब्या-फणसाला. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, म्हातारी माणसे गेली, गावच्या घरांना कुलपे लागली. आता आपल्यातली काही कुटुंबे पैसे भरून दुसऱ्याच्या वाडीत फळे काढायला जातात. यात कमीपणा काही नाही. पण फळ काढणे हे शिकण्याचे काम आहे. ते न शिकता गेल्यावर काय होते हे आम्ही स्वतः पाहिले, म्हणून हा लहानसा पाठ.

परळच्या माणसाने फळझाडांवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या आसपासची नावे तर पाहा! चिंचपोकळी, गिरगावातली फणसवाडी, आंबेवाडी. आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे एके काळी जेझुइट धर्मगुरूंचा मठ व चॅपेल होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजांनी ती जागा ताब्यात घेतली. गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची कला वाढवण्याचे श्रेय याच जेझुइट संघाला दिले जाते. हापूस आपल्यापर्यंत आला तो कलमांमुळेच. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही चार कुटुंबे डहाणूकडे निघालो. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, त्यामुळे लहान मुले घेऊनही एका दिवसात जाऊन येता येते. तिथून रिक्षाने घोलवड-बोर्डीच्या बाजूला गेलो. हा चिकूचा मुलूख. चिकूचे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. घोलवड भागात त्याची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीत पाऊल टाकताच मुले धावत सुटली आणि हाताला लागेल ते फळ ओढू लागली. आम्ही मोठेही मागे नव्हतो. मोठे फळ दिसले की काढ, एवढेच आमचे ज्ञान.

वाडीत काम करणाऱ्या एक वारली मावशी थोडा वेळ गप्प पाहत राहिल्या. मग त्यांनी आमच्या पिशवीतला एक चिकू उचलून नखाने हलकेच खरवडला. आत हिरवी रेघ उमटली आणि पांढरा चीक आला. "हा कच्चा," म्हणाल्या. मग बांबूला जाळी लावलेली बेडणी उंच करून त्यांनी दुसरा उतरवला. त्याच्या सालीवरचा तपकिरी भुसा सहज निघत होता, खालच्या टोकाचा काट्यासारखा बारीक देठ गळून गेला होता आणि खरवडल्यावर रेघ पिवळसर आली. चिकू रंगावरून ओळखता येत नाही. त्याला या खुणा पाहाव्या लागतात. आणि तयार चिकूही झाडावरून काढल्यावर दगडासारखा कडकच असतो. तो पिकायला पुढे काही दिवस लागतात. हे ऐकून आमच्या मुलांचे चेहरे पडले. काढलेले फळ तिथेच खाता येणार नाही, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. सांगणार कोण? आम्हालाच ठाऊक नव्हती.

हापूसचेही तेच. ज्यांचे गाव अजून नांदते आहे त्यांनी मुलांच्या हाती या मे महिन्यात झेला जरूर द्यावा, पण आधी चार गोष्टी सांगाव्यात. आंबा सकाळी, ऊन चढण्याआधी काढावा. फळाला थोडा देठ राहू द्यावा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतात आणि तिथूनच फळ सडू लागते. झाडावर पुरता पिकू द्यावा म्हणून फार दिवस ठेवू नये, त्याने आत साका होण्याची भीती वाढते. मुलांना आवडेल अशी एक परीक्षा आहे: बादलीभर पाण्यात आंबा सोडायचा. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. मग पेंढ्याची आढी घालायची आणि रोज उघडून पाहण्याचा मोह आवरायचा. (हे मोठ्यांनाच जास्त सांगावे लागते.)

ज्यांना काढले की खाल्ले असेच फळ हवे त्यांच्यासाठी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे. ती तोडल्यावर पुढे पिकत नाही, म्हणून लाल झालेलीच घ्यावी. मात्र मे उजाडेपर्यंत तिचा हंगाम सरत आलेला असतो. जांभळासाठी पालघर जिल्ह्यातले बहाडोली प्रसिद्ध आहे, पण जांभळाची फांदी फार ठिसूळ. तिच्यावर मुलांना चढू देऊ नये. आणि करवंदे! डोंगरातल्या जाळीत हात घालताना काटे लागणार, बोटांना चीक चिकटणार. करवंद चावून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ आमच्या पिढीने खेळलेला आहे. आपल्या मुलांना तो ठाऊक आहे का, हे आज घरी विचारून पाहावे.

पिशवीबद्दलही थोडे सांगायला हवे. पवित्र शास्त्रात अनुवाद ग्रंथाच्या 23व्या अध्यायात शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात शिरणाऱ्यासाठी एक नियम आहे: पोटभर खावे, पण भांड्यात भरून नेऊ नये. आज वाडीवाले पिशवीतल्या फळाचे वजन करून पैसे घेतात, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण कच्च्या फळाचे पैसे दिले म्हणजे नुकसान भरून निघते असे नाही. ओरबाडताना फांदी मोडली तर तिच्यावरची पुढची फळेही जातात. शिवाय ज्या मावशींनी आम्हाला शिकवले त्यांचा अर्धा तास आमच्यामागे गेला, आणि त्याचा हिशेब त्या वजनकाट्यावर कुठेच नव्हता. निघताना आमच्यातल्या एका आजीच्या ते लक्षात आले. ती परत वाडीत गेली आणि मावशींच्या हातावर काही ठेवून आली. किती, ते तिने आम्हाला सांगितले नाही.

परळला आल्यावर आम्ही सगळे चिकू एका खोक्यात पेंढा घालून ठेवले. आठवड्याने उघडले तेव्हा मावशींनी उतरवून दिलेले सगळे पिकले होते. आम्ही ओढून काढलेल्यांतले बरेचसे सुरकुतून गेले होते आणि चवीला तुरट लागत होते. मुलांनी ते वेगळे काढून मोजले. छप्पन्न भरले. या वर्षी पुन्हा जायचे ठरते आहे आणि आमच्या धाकट्याने आतापासूनच एका हाताच्या अंगठ्याचे नख वाढवायला घेतले आहे.