आट्यांचा शेवट नीट कसा करावा? : फ्रीकॅडमध्ये एम२० बोल्ट

कॅडमध्ये आटे पाडणं फारसं अवघड नाही, खरी कसरत ते संपवताना होते. हेलिक्स फिरवून आटे पाडले की मधला भाग छान दिसतो, पण शेवटाला खाच एकदम थांबते आणि दांड्यात उभी भिंत राहते. खऱ्या बोल्टवर अशी भिंत कधी दिसत नाही. लेथवर आटे पाडणारा कारागीर शेवटाला टूल बाहेर ओढून घेतो. डायचे पुढचे दात उतरते घासलेले असतात, त्यामुळे डाय मारलेल्या दांड्यावरही शेवटचे आटे उथळ होत विरतात. मॉडेल करतानाही हेच करायचं : खाच जिथे संपवायची, तिथे टूल हळूहळू वर उचलायचं.

आधी एक खातरजमा. नुसतं ड्रॉइंग द्यायचं असेल, तर आटे कोरून काढू नका. बारीक रेघेची नेहमीची खूण आणि ‘एम२०’ एवढं लिहिणं पुरतं. कोरलेल्या आट्यांनी फाइल जड होते आणि मोठी असेंब्ली रखडते. थ्री-डी प्रिंट काढायची असेल किंवा आट्यांचा आकार प्रत्यक्ष दाखवायचा असेल, तरच पुढचा खटाटोप करा.

इथे उदाहरण एम२० चं, पिच २.५ मिमी. दांडा ५० मिमी लांब आणि त्यावर साधारण ३० मिमी आटे. सबट्रॅक्टिव्ह हेलिक्स ही आज्ञा फ्रीकॅडच्या ०.१९ आवृत्तीपासून पार्ट डिझाइनमध्ये आहे.

१. आकडे आधी कागदावर

मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. बाहेरच्या आट्यांची खोली पिचच्या ०.६१३४ पट, म्हणजे इथे १.५३४ मिमी. त्यामुळे खाचेच्या तळाशी व्यास १६.९३ मिमी उरतो. आट्याच्या माथ्यावरची सपाटी पिचच्या आठव्या हिश्शाइतकी, ०.३१ मिमी. खरा तळ गोलसर असतो, पण प्रिंटसाठी सपाट ठेवला तरी चालतो. तेव्हा त्याची रुंदी ०.४१७ मिमी येते.

२. दांडा, चाम्फरसकट

एक्सझेड समतलावर अर्ध्या दांड्याचं स्केच काढा. बिंदू असे : (०, ०), (८.४, ०), (१०, १.६), (१०, ५०), (०, ५०). रिव्होल्युशन देऊन ते झेड अक्षाभोवती फिरवा. टोकाचा व्यास १६.८ मिमी झाला, म्हणजे तळाच्या १६.९३ पेक्षा किंचित कमी. चाम्फर तळाच्या खाली गेल्याशिवाय नट सरळ धरत नाही. बोल्टचं डोकं सगळ्यात शेवटी जोडा.

३. खाचेचं स्केच

पुन्हा एक्सझेड समतलावर एक समलंब चौकोन काढा. आतली उभी कड अक्षापासून ८.४६६ मिमीवर, लांबी ०.४१७. बाहेरची उभी कड १०.२ मिमीवर. दोन तिरक्या बाजूंमधला कोन ६० अंश. आकाराचा मध्य झेड उणे २.५ वर ठेवा, म्हणजे टूल दांड्याच्या बाहेरून आत शिरेल आणि सुरुवातीला भिंत उरणार नाही.

बाहेरची कड १०.२ वरच का, तेही बघा. तिथे आकाराची रुंदी २.४२ मिमी होते. कड आणखी बाहेर, १०.३ च्या आसपास नेली की रुंदी पिचपेक्षा जास्त होते, शेजारचे वेढे एकमेकांत घुसतात आणि आज्ञा बिघडते. हेलिक्स फसला की सर्वात आधी ही रुंदी तपासा.

४. मुख्य आटे

स्केच निवडून सबट्रॅक्टिव्ह हेलिक्स द्या. अक्ष झेड, पिच २.५, उंची ३०. हे बरोबर १२ वेढे होतात, आणि वेढे पूर्णांकात असण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पूर्ण वेढे झाले की टूल सुरू झालं त्याच समतलात येऊन थांबतं, फक्त ३० मिमी वर, म्हणजे झेड २७.५ वर. साडेअकरा वेढे घेतलेत तर शेवट दांड्याच्या पाठीमागे जाईल आणि पुढचं स्केच बसवताना नाकी नऊ येतील.

५. टूल बाहेर काढणं

एक्सझेड समतलावर तेच समलंब पुन्हा काढा, मध्य झेड २७.५ वर. दुसरा सबट्रॅक्टिव्ह हेलिक्स द्या, पण या वेळी उंची, वेढे आणि ग्रोथ मागणारा पर्याय निवडा. उंची २.५, वेढा १, ग्रोथ २ मिमी. ग्रोथ म्हणजे दर वेढ्यामागे त्रिज्या किती वाढते ते. खाच १.५३४ मिमी खोल आहे, म्हणून साधारण पाऊण वेढ्यातच टूल दांड्याबाहेर पडतं आणि खाच विरून जाते. कोनाचा पर्याय वापरलात तर ३८.६६ अंशांनी हाच परिणाम मिळतो.

उतार लांबट हवा असेल तर उंची ५, वेढे २, ग्रोथ १ द्या. आटे सुमारे ३.८ मिमी लांबीत विरतील. डीआयएन ७६ या मानकात २.५ पिचसाठी ही लांबी नेहमीच्या कामात जास्तीत जास्त ६.३ मिमी आणि आखूड प्रकारात ३.२ मिमी धरली आहे. पहिला पर्याय जेमतेम दोन मिमीचा, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या आत बसतो. दुसरा नेहमीच्या मर्यादेत बसतो, आखूड प्रकारात नाही. नट किती आत जायला हवा, त्यावरून निवड करा.

दोन हेलिक्सच्या सांध्यावर कागदासारखा पापुद्रा उरला, तर मुख्य हेलिक्सची उंची ३० ऐवजी ३०.०२ करा. खाचा एकमेकींवर किंचित चढतात आणि पापुद्रा जातो.

६. नट आणि वर आलेले आटे

नटासाठी १७.२९ मिमीचं भोक घ्या आणि खाच बाहेरच्या दिशेला काढा. आरपार भोकाच्या दोन्ही तोंडांना २० मिमीपेक्षा थोडा मोठा काउंटरसिंक दिला की काम भागतं. बंद भोकात आटे विरवायचे असतील तर ग्रोथ उणे द्या, कारण तिथे टूल अक्षाकडे सरकून सुटतं. बाटलीच्या तोंडासारखे वर आलेले आटे ॲडिटिव्ह हेलिक्सने करतात. त्यांच्याही टोकाला ग्रोथ उणेच लागते, म्हणजे आटा भिंतीत बुडत जातो.

सॉलिडवर्क्समध्ये हीच युक्ती वेगळ्या वाटेने जमते. साध्या हेलिक्सच्या पुढे बाहेर पसरणारा टेपर हेलिक्स काढा, कंपोझिट कर्व्हने दोन्ही जोडा आणि त्या वाटेवर स्वीप कट फिरवा.

७. तपासणी आणि प्रिंट

व्ह्यू मेन्यूतल्या क्लिपिंगने दांडा उभा कापून बघा. तळाचा व्यास १६.९३ आणि माथ्याची सपाटी ०.३१ च्या आसपास दिसली पाहिजे. मग पार्ट वर्कबेंचमधलं चेक जॉमेट्री चालवा. तिथे दोष निघाला तर प्रिंटसाठीची फाइलही सदोष निघणार.

नट आणि बोल्ट दोन्ही प्रिंट करायचे असतील तर नेमक्या मापात काढू नका, एकमेकांत बसणार नाहीत. बोल्टच्या व्यासात ०.३ मिमीची सूट देऊन बघा : दांड्याच्या आणि खाचेच्या स्केचमधल्या त्रिज्या ०.१५ ने आत घ्या, कोन आणि पिच तेच ठेवा. मेश बनवताना सरफेस डेव्हिएशन ०.०२ मिमी ठेवा, नेहमीच्या ०.१ वर आटे खडबडीत दिसतात. प्रत्येक प्रिंटर वेगळा, म्हणून आधी १० मिमी उंचीचा एक तुकडा काढा. तो नटात हाताने फिरला, की मगच पूर्ण बोल्टला हात घाला.