पडद्याचा रॉड : कर्जत-खालापुरात खर्च किती आणि कशावर?

नेरळ, कर्जत, खोपोली, चौक या पट्ट्यात इमारती आणि बंगल्यांच्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या आहेत. घराचा ताबा मिळाला की पंखे, दिवे, गॅस, पाणी यांची धावपळ सुरू होते आणि पडद्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. मग शनिवारी संध्याकाळी कुणीतरी दुकानातून चार रॉड घेऊन येतं आणि रविवारी जो माणूस मिळेल त्याच्याकडून ते लावून घेतं. वर्षभरात एखादा रॉड मधोमध वाकतो, नाहीतर एखादं ब्रॅकेट गिट्टीसकट भिंतीतून बाहेर येतं. रॉडच्या चकाकीवर कमी, आणि ब्रॅकेट, मधला आधार व भिंतीतली पकड यांवर जास्त पैसे घाला, एवढंच माझं सांगणं आहे. फरक घरामागे दोन-चारशे रुपयांचा असतो.

खालचे दर अंदाजाचे आहेत. पत्र्याची जाडी, ब्रँड आणि दुकान यांप्रमाणे ते खाली-वर होतील. पण भाव करताना हाताशी एक आकडा असावा.

लहान-मोठा होणारा रॉड

बाजारात ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हणून मिळतो तो एका पाइपात दुसरा पाइप सरकणारा रॉड. ब्रॅकेट, नॉब, स्क्रू हे सगळं एकाच खोक्यात येतं. साधारण ४०० ते ९०० रुपयांत बरा सेट मिळतो. त्याचा मोठा फायदा आपल्या भागात लगेच कळतो : मिटवल्यावर तो जवळजवळ निम्म्या लांबीचा होतो, त्यामुळे लोकलने किंवा दुचाकीवरून आणता येतो. कापून घेतलेला सात फुटी पाइप कल्याणहून कर्जत लोकलमध्ये आणून बघा, म्हणजे या फायद्याची किंमत कळेल. भाड्याच्या घरातही हाच बरा, कारण घर बदललं आणि खिडकीचं माप बदललं तरी तो कामी येतो.

खरेदी करताना दोन्ही पाइप हातात धरून सांधा बघा. बाहेरचा पाइप २५ मिलिमीटरचा असेल तर आतला साधारण २२ चा असतो. या दोन मापांच्या मध्ये जी पायरी तयार होते तिथे पडद्याची रिंग अडते. रोज सकाळी पडदा ओढताना तिथे झटका बसतो आणि तो झटका थेट ब्रॅकेटच्या स्क्रूवर जातो. पायरीची कड तासून गुळगुळीत केलेली असेल किंवा तिच्यावर प्लास्टिकची पातळ टोपी असेल तर रिंग सहज जाते. तसं काही नसेल तर पातळ पारदर्शक चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. आणि आतल्या पाइपची बाजू जो पडदा कमी हलतो त्या बाजूला ठेवा.

खोक्यावर ‘४८ ते ८४ इंच’ असं लिहिलेलं असतं. तुम्हाला ८४ इंच हवे असतील तर हा रॉड घेऊ नका, त्याच्या पुढचं माप घ्या. शेवटपर्यंत ताणलेल्या रॉडमध्ये आतला पाइप बाहेरच्यात जेमतेम चार बोटं उरतो आणि तिथेच वाकतो. सांध्यात निदान आठ-दहा इंच पाइप आत राहिला पाहिजे.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या ताणाचा. आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना रबर. समोरासमोरच्या दोन भिंतींत दाबून बसवायचा, भोक पाडायचं नाही. किंमत साधारण २५० ते ६०० रुपये. स्वयंपाकघराची खिडकी, न्हाणीघराचा पडदा, तीन-चार फुटांपर्यंतचा कोनाडा अशा ठिकाणी तो उत्तम चालतो, विशेषतः बाजूला टाइल असेल तर. पुट्टी आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर तो घसरतो आणि जाताना रंगाचा पापुद्रा घेऊन जातो. चिकटवायच्या हुकांचंही तसंच. जुलैच्या दमट हवेत कर्जत-खोपोलीला त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

गावातल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीला दोन हुक मारून त्यावर प्लास्टिकचं आवरण असलेली स्प्रिंग ताणतात आणि अर्धा पडदा लावतात. पन्नासेक रुपयांत काम होतं. हलक्या सुती पडद्याला ती आजही पुरते, उगाच काढून टाकू नका.

कापून घेतलेला पाइप

पाच-सहा फुटांच्या पुढे खिडकी किंवा गॅलरीचा सरकता दरवाजा असेल तर माझं मत अखंड पाइपाच्या बाजूने आहे. स्टीलचा एक इंची पाइप फुटामागे साधारण ३० ते ६० रुपयांना मिळतो आणि दुकानदार तो मापाने कापून देतो. पाऊण इंची पाइप स्वस्त पडतो, पण पत्र्याची जाडी तीच धरली तर एक इंची पाइप त्याच्या दुपटीहून जास्त ताठ असतो. ब्लॅकआउट कापडाचा सात फुटी पडदा एकेक पाऊण ते एक किलोचा भरतो. असे चार पडदे टांगले आणि त्यात घरातलं एखादं मूल लोंबकळलं की पाऊण इंची पाइपाने मान टाकलीच म्हणून समजा.

म्हणून सहा फुटांच्या रॉडला मध्ये तिसरं ब्रॅकेट हवं. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की वाक निम्म्यावर थांबत नाही, तो सोळाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. साठ-सत्तर रुपयांच्या ब्रॅकेटमध्ये याहून मोठी बचत मला तरी माहीत नाही. मात्र मधल्या ब्रॅकेटवरून आयलेटची रिंग पलीकडे जात नाही, त्यामुळे पडदे सम संख्येत घ्या : एक किंवा दोन डावीकडे, तेवढेच उजवीकडे.

खरी अ‍ॅडजस्टेबल वस्तू ब्रॅकेट ही आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही. आपल्याकडे खिडकीभोवती ग्रॅनाइटची चौकट भिंतीच्या बाहेर आलेली असते. साधं ब्रॅकेट रॉडला भिंतीपासून तीन-साडेतीन इंचांवर धरतं. जाड पडदा मग चौकटीला घासतो आणि तिथेच आधी फाटतो. ज्याचा हात पुढे-मागे सरकवून स्क्रूने आवळता येतो असं ब्रॅकेट मागा. त्याच्या तळपट्टीचं भोक गोल न घेता लांबट घ्या. ड्रिल करताना भोक दोन-तीन मिलिमीटर सरकतंच. लांबट भोक असेल तर पाणसळ ठेवून ब्रॅकेट वर-खाली करता येतं, गोल असेल तर भिंतीला दुसरं भोक पडतं. चांगलं एकेरी ब्रॅकेट नगाला ५० ते १०० रुपये, जाळीदार आणि जाड अशा दोन पडद्यांचं दुहेरी ब्रॅकेट १०० ते २०० रुपये.

भिंत कोणती आहे?

रॉड घेण्याआधी बिल्डरच्या माणसाला हा प्रश्न विचारा. मायवान पद्धतीने बांधलेल्या इमारतीत सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे घरगुती ड्रिल नुसतं घरघरतं. हातोडीचा ठोका देणारं मोठं मशीन लागतं, पण एकदा गिट्टी बसली की हलत नाही. सिपोरेक्सच्या भिंतीचं उलट आहे. भोक चुटकीसरशी पडतं आणि साधी गिट्टी तितक्याच चुटकीसरशी सुटते. तिथे ठोका बंद करून ड्रिल करायचं आणि सिपोरेक्ससाठीची लांब नायलॉनची गिट्टी वापरायची. ती नगाला दहा-वीस रुपयांना पडते. साधी गिट्टी एक-दोन रुपयांची असते. फिटर साधीच घेऊन येतो, म्हणून लांब गिट्ट्या आपण आधीच विकत आणून ठेवाव्यात.

विटांच्या घरात खिडकीवर काँक्रीटचा लिंटल असतो आणि तो दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच भिंतीत गेलेला असतो. ब्रॅकेट खिडकीच्या कडेपासून चार इंचांवर आणि खिडकीच्या वर चार इंचांवर घेतलं की स्क्रू बहुधा या काँक्रीटमध्ये जातो. बरोबर सहा इंचांवर घेतलं तर तो काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्यात जायची भीती असते.

माप यावरूनच ठरतं. खिडकीच्या रुंदीत एक फूट मिळवा, ती रॉडची लांबी. पडद्याचं कापड रुंदीच्या दुप्पट धरा. तयार पडदे बहुतेक चार फूट रुंद आणि पाच, सात किंवा नऊ फूट लांब मिळतात, म्हणून शिलाईच्या भानगडीत पडायचं नसेल तर रॉडची उंची या लांबीला जुळवून घ्या.

पावसाळा आणि गंज

उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतला, घाटाच्या पायथ्याचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. ‘स्टीलचा रॉड’ म्हणून जे विकलं जातं त्यात क्रोमचा मुलामा दिलेलं लोखंड बरंच असतं. खिशात लोहचुंबक ठेवा : घट्ट चिकटला तर लोखंड, चिकटला नाही किंवा जेमतेम ओढला गेला तर स्टेनलेस स्टील. मुलाम्याचा पाइप कापला की कापलेल्या टोकाला मुलामा उरत नाही, आणि गंज तिथूनच धरतो. नॉबच्या आत तो दिसत नाही. दिसतो तो पहिल्या रिंगेवर आणि पडद्याच्या वरच्या पट्टीवर पडलेल्या तपकिरी डागात, जो धुतल्यावरही जात नाही. लोखंडी पाइपच घेणार असाल तर कापलेल्या टोकांना रेड ऑक्साइड किंवा ऑइलपेंटचा हात द्या आणि मगच नॉब बसवा. स्क्रू मात्र स्टेनलेसचेच घ्या.

शनिवार-रविवारपुरतं उघडणारं घर असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक विचारात घ्या. तो फुटामागे साधारण ६० ते १५० रुपयांना पडतो, गंजत नाही आणि छताला लागतो. फक्त पीओपीच्या नुसत्या पत्र्यावर तो लावू देऊ नका; वर पट्टी किंवा प्लायचा आधार हवा. असं घर पावसाळ्यात बंद करताना पडदे बाजूला बांधून ठेवा, भिंतीला चिकटलेल्या बंद पडद्याला बुरशी लवकर धरते.

वन बीएचकेचा हिशेब

हॉलमध्ये सहा फुटी गॅलरीचा दरवाजा आणि पाच फुटी खिडकी, बेडरूममध्ये चार फुटी खिडकी, स्वयंपाकघरात तीन फुटी. एक इंची पाइप ४५ रुपये फूट, ब्रॅकेट ६०, नॉबची जोडी १००, आणि फिटिंग रॉडमागे १५० रुपये धरू. दरवाज्याला सात फूट पाइप, तीन ब्रॅकेट, नॉब आणि फिटिंग मिळून ७४५ रुपये. हॉलच्या खिडकीला सहा फूट पाइप आणि तीन ब्रॅकेट धरून ७००. बेडरूमला पाच फूट पाइप आणि दोन ब्रॅकेट धरून ५९५. स्वयंपाकघरात स्प्रिंगचा रॉड ३००, फिटिंग नाही. एकूण २,३४० रुपये. भिंत सिपोरेक्सची असेल तर गिट्ट्यांचे दोन-तीनशे वेगळे. याच घरासाठी कुणी आठ-दहा हजारांचं अंदाजपत्रक दिलं तर ओळीओळीने फोड मागा.

रॉड आणि ब्रॅकेट कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात मिळतात आणि बदलून घेणंही सोपं जातं, म्हणून ते इथेच घ्यावेत. कापडाला जास्त निवड हवी असेल तर उल्हासनगर आपल्याच लोकलच्या मार्गावर आहे. फिटर शनिवार-रविवारी मिळणं अवघड. मधल्या वारी बोलवा, आणि दर रॉडमागे की भोकामागे, येण्याजाण्याचा खर्च त्यात धरला की नाही, हे फोनवरच ठरवा.

ब्लाइंड आणि त्यांची दोरी

रोलर ब्लाइंड चौरस फुटाला साधारण ८० ते २०० रुपये, झेब्रा त्याहून थोडे महाग. पश्चिमेच्या खिडकीला एप्रिल-मेच्या उन्हात ते उपयोगी पडतात. बाहेरच्या गॅलरीला बांबूची चिक स्वस्त आणि शोभिवंत, पण पावसाळ्यात उतरवून ठेवावी लागते.

घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडची लोंबती दोरी किंवा मण्यांची साखळी गांभीर्याने घ्या. तिच्या फासात मान अडकून जगभर मुलं दगावली आहेत. आयकियाने २०१६ मध्ये दोरीवाले ब्लाइंड विकणं बंद केलं. अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासूनच्या मानकानुसार तयार मापाचे ब्लाइंड बिनदोरीचे किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचे असावे लागतात. आपल्याकडे दोरीवाले अजून सर्रास विकले जातात. स्प्रिंगवर वर जाणारं बिनदोरीचं ब्लाइंड मागा. आधीच लावलेलं असेल तर साखळी ताणून भिंतीला पक्की करणारी पट्टी बसवून घ्या, आणि पाळणा, पलंग खिडकीपासून दूर हलवा.

बिल आणि तक्रार

खोक्यातल्या वस्तूवर कमाल किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असणं बंधनकारक आहे. बिलावर ‘रॉड’ एवढंच लिहून घेऊ नका; ‘स्टेनलेस स्टील, २५ मिमी, इतके फूट’ असं लिहून घ्या. सहा महिन्यांत गंज आला तर हीच ओळ कामाला येते. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा, ब्रॅकेटचा एखादा स्क्रू किंवा नॉब कमी निघणं नेहमीचं आहे.

दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, रायगडचा अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचं शुल्क नाही आणि ती ऑनलाइनही दाखल करता येते. घर कर्जतला आणि राहणं डोंबिवलीला असेल तरी अडचण नाही : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते.